रूपजी मास्तरांचे दोन फटके

रूपजी मास्तरांनी मला आधी मारलं आणि मग नाव विचारलं.

तलासरीच्या पूर्वेला जिथे डोंगर सुरू होतात, तिथे वरोळी नदीच्या काठावर मी नुकताच टमटममधून उतरलो होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत आईने बांधून दिलेले सुके बोंबील. चार पोरं पाण्यातून एक होडी वर ओढत होती आणि तिच्या दोरीचं मोकळं टोक माझ्या पायाशी पडलं होतं. मी समुद्रकाठच्या वरोरचा, नाखव्याचा मुलगा. मोकळी दोरी दिसली की आमचा हात तिच्याकडे जातो, जसा इतरांचा खाजेकडे जातो. मी दोरी उचलली, मनगटाला एक वेढा घेतला आणि ओढायला लागलो. तेवढ्यात मागून एक लाकडी वल्हं आलं आणि माझ्या बोटांच्या पेरांवर बसलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर दुसऱ्यांदा बसलं. त्या आवाजाने नरपडच्या वाड्यांतले चिकू पिकण्याआधीच गळाले, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो, पण इतकी वर्षं म्हणतोय की आता ते खरं धरायला हरकत नाही.

"एक. बे," मागून कोणीतरी गुजरातीत मोजलं.

वळून बघितलं तर सागाचं खोड चड्डी घालून उभं होतं. उंची जेमतेम पाच फूट, रुंदीही जवळपास तेवढीच, पांढरी मिशी, आणि डोक्यावर रंग उडालेलं लाल हेल्मेट, जे ते जेवतानासुद्धा काढत नसत. उजव्या हातात वल्हं. डाव्या हाताला बोटं तीनच.

"नाव?"

"हेमंत. वरोरहून आलोय. कोच व्हायला."

"मनगटाला वेढा घेणारा कोच!" मास्तर पोरांकडे वळून म्हणाले. "बगा रे, दर्याने काय फेकलंय आपल्याकडं. सुका बोंबील!"

तेच माझं नाव पडलं. पुढची दोन वर्षं त्या पाड्यावर हेमंत कोणालाच माहीत नव्हता. सुका बोंबील सगळ्यांना माहीत होता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. खळाळत्या पाण्यावर आडव्या तारा ताणतात, तारांना काठ्यांच्या जोड्या टांगतात, आणि एकट्याने बसायची चिंचोळी होडी त्या प्रत्येक जोडीमधून काढायची. हिरव्या काठ्यांतून प्रवाहाबरोबर जायचं, लाल काठ्यांतून उलटं वर चढायचं. काठीला नुसता स्पर्श झाला की दोन सेकंद दंड, जोडी चुकली तर पन्नास. कॅनो स्लालम म्हणतात याला. मास्तर फौजेत असताना हिमालयातल्या नद्यांत हे शिकले आणि पेन्शनीत आल्यावर त्यांनी आपल्या पाड्याखालच्या नदीवर तारा ताणल्या. काठ्या बांबूच्या. रंग गणपतीच्या मखराचा उरलेला. शिव्या द्यायचे हिंदीत, मोजायचे गुजरातीत, शिकवायचे मराठीत, आणि पाण्याशी मात्र त्यांच्या वारलीत बोलायचे, हळू आवाजात, म्हातारी सासू घरात झोपली असल्यासारखं.

खेळणाऱ्या पोरांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. कोणी काठीला धडकलं तरी "बेस, बेस, परत जा" एवढंच. मार होता तो फक्त कोच होणाऱ्यांना. मी एकदा चिडून विचारलं की हा कुठला न्याय? मास्तर म्हणाले, "पोर चुकलं तर एक जण भिजतो. कोच चुकला तर दोन तिरड्या बांधाव्या लागतात." आणि प्रश्न विचारला म्हणून हलकेच एक फटका दिला. हलकेच म्हणजे त्या दिवशी मी भाकर डाव्या हाताने खाल्ली.

कोच होणारे आम्ही दोघं. मी आणि रानशेतची सुनंदा. ती आश्रमशाळेत खेळ शिकवायची, तिचे दंड माझ्यापेक्षा जाड होते, आणि तिला मार माझ्या निम्म्यानेही पडत नसे, कारण ती ऐकायची. आम्हाला शिकायचं होतं पाण्यात जाणं नव्हे, काठावर उभं राहणं. ते सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. कोचच्या हातात एक थैली असते, थैलीत दोरी भरलेली. पाण्यात कोणी उलटला तर दोरीचं एक टोक आपल्या हातात ठेवून थैली त्याच्यापर्यंत फेकायची. त्याने दोरी धरली की पाणीच त्याला आपल्या काठाकडे झोकून देतं. टाचा जमिनीत रोवायच्या, दोरी कमरेमागून घ्यायची, पण हातात ती मोकळी पाहिजे. मनगटाला वेढा नाही, बोटाला पीळ नाही. कधीही, कोणत्याही क्षणी सोडता आली पाहिजे.

आणि मला तेवढंच जमत नव्हतं.

अकरा-बारा वर्षांचा असताना बाबांबरोबर मी समुद्रात डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या मोठ्या जाळ्यावर गेलो होतो. भरती फिरली, जाळ्याला ओढ लागली, दोरीने माझ्या तळव्याची साल काढली आणि मी ती सोडली. जाळं गेलं. बाबांनी मला होडीतच असा हाणला की माझा एक दात आजही वरोरच्या समुद्रात कुठेतरी एखाद्या घोळ माशाच्या पोटात असेल. त्यानंतर तो सबंध हंगाम ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच बोलले, "दोरी सोडणारा माझा पोर नाय." त्या दिवसापासून माझा हात मला न विचारता वेढा घेतो. झोपेत चादरीलाही घेतो. बायको साक्षीला आहे.

कोचच्या परीक्षेचा एक कागद असतो. त्याच्या तळाशी, शिकवणाऱ्याने सही करायच्या जागेवर छापलेलं असतं: उमेदवार काठावर उभा राहण्यास लायक आहे. ती सही मिळाली तर मी कोच, तालुक्याच्या पोरांना शिकवायला मोकळा. नाही मिळाली तर परत वरोरला, बाबांच्या होडीवर, बाबांच्या तोंडाखाली. संधी तीन. बाबा तिकडे वाटच बघत बसले होते. दर महिन्याला बोंबलाच्या पुडीबरोबर निरोप यायचा, "तुझ्या मास्तरला सांग, दोरी सोडायला शिकवणाऱ्याच्या होडीत मी मेलेली मासळीपण ठेवणार नाय."

मास्तर बोंबील त्यांच्या बायकोकडे, आमच्या काकूंकडे द्यायचे आणि उलट निरोप पाठवायचे, "तुझ्या बापाला सांग, त्याची दोरी खुंटाला बांध आणि ये इकडं. ताडी पाजतो. मग नदीत ढकलतो."

दोन वर्षं हे दोघं माझ्या तोंडून एकमेकांना शिव्या देत होते. भेटले मात्र कधीच नाहीत. मी मधल्या मध्ये टपालवाला.

माझी पहिली परीक्षा पाण्यात झालीच नाही. मास्तर म्हणाले, "आज पाणी नाय. आज रेडा."

शेजारच्या पाड्यावरचा एक रेडा होता. त्याच्या बाजूने बोलायचं तर स्वभावाने तो माझ्यापेक्षा गरीब होता. दोरीचं एक टोक मास्तरांनी त्याच्या मानेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "हा तुझा बुडणारा माणूस. धरून ठेव. मी ओरडलो की सोड." एवढं बोलून त्यांनी वल्ह्याने रेड्याच्या पाठीवर असा तडाखा दिला की रेडा सरळ गुजरातकडे निघाला.

माझ्या हाताने वेढा घेतला होता. कधी घेतला ते मला विचारू नका. मला कळलं तेव्हा मी पोटावर होतो आणि नुकत्याच लावलेल्या भातातून नांगराच्या फाळासारखा चाललो होतो. पहिलं खाचर संपलं, बांध छातीला लागला, दुसरं खाचर सुरू झालं. तोंडात चिखल, नाकात चिखल, एक बेडूक सदऱ्यात शिरला तो तिसऱ्या खाचरात बाहेर पडला. मागून मास्तर बोंबलत होते, "सोड! सोड रे! अरे सोड!" आणि माझ्या कानात मास्तरांचा आवाज नव्हताच. होते ते बाबा. चौथ्या बांधावर निवडुंगाच्या कुंपणात आम्ही दोघं अडकलो, तेव्हा रेडा थांबला. रेड्याला अक्कल होती.

ज्या बाईचं भात मी नांगरलं होतं ती कोयता घेऊन धावत आली. मास्तर मध्ये आडवे झाले म्हणून मी आज हे लिहितोय. त्यांनी तिला हात जोडले, "पोरगं दर्याचं आहे बाय, रोप काय ते त्याला ठाऊक नाय, उद्या लावून देतो." मग माझ्याकडे आले. मनगट सुजून दुधीएवढं झालं होतं, कातडी कोपरापर्यंत सोलली होती. मला वाटलं, आता तरी दया येईल. "हात पुढं कर." एक. बे. दुसऱ्या दिवशी, त्याच हाताने, मी आणि सुनंदाने ती चारही खाचरं पुन्हा लावली.

"बोंबीलदादा," सुनंदा रोपं खोचत म्हणाली, "त्या रेड्याला पास केलंय मास्तरांनी. मी कागद बघितला."

बोटांचं सांगायचं राहिलं. डाव्या हाताची ती दोन बोटं कशी गेली, हे मास्तर कोणी न विचारताही सांगत, आणि दर वेळी वेगळं. एकदा बिबट्याने नेली. एकदा पिठाच्या गिरणीत गेली आणि गिरणीवाल्याने पीठ परत घेतलं नाही. एकदा लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी चावून तोडली, मीठ कमी आहे म्हणाल्याबद्दल. मी स्वतः वरोर ते डहाणू पट्ट्यातला मान्यवर खोटारडा, पण या बाबतीत मी त्यांच्यापुढे हेल्मेट काढतो. बिबट्याच्या गोष्टीत तर शेवटी बिबट्या माफी मागायचा.

दुसरी परीक्षा मी आणखी लवकर घालवली. सुनंदा पाण्यात, मी काठावर, दोरी नेमकी तिच्या हातात पडली. मी इतका खूश झालो की पुन्हा वेढा. मास्तरांनी परीक्षा तिथल्या तिथे थांबवली. एक. बे. माझ्याही डोक्यात रक्त चढलं. मी वल्हं धरून ओढलं. आम्ही दोघं त्या दगडांवर लोळलो. साठी ओलांडलेला माणूस आणि माझ्यासारखा तिशीतला गडी. कोणी कोणाला लोळवलं हे मी जाहीरपणे सांगत असतो, आणि ते खोटं आहे. माझ्या छातीवर बसून त्यांनी माझं डोकं काठालगतच्या, उलट्या फिरणाऱ्या पाण्यात बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. मग म्हणाले, "दर्या फेकलेलं परत आणून देतो. नदी परत येत नाय, सुक्या बोंबला. समजून घे."

मी पिशवी भरली. काकूंना सांगायला घरात गेलो. काकू चुलीपुढे नागलीची भाकर थापत होत्या. माझ्या नाकातून रक्त येत होतं. त्यांनी बघितलं आणि भाकर उलटली.

"बस. खा. मग जा."

मी म्हटलं, काकू, हा माणूस एक दिवस माझा जीव घेणार.

"वेढा घेतलास?"

"घेतला."

काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्याचा धाकटा भाऊ होता. लखमा. मास्तर नवा नवा कोच झाला तवाची गोष्ट. वरच्या वळणावर एक पोरगा उलटला. याने दोरी टाकली. हाताला वेढा होता, तुझ्यासारखाच. पोरगा दोरी सोडून आपला आपला पोहत काठाला लागला. पण दोरी दगडात अडकली, पाण्याने दोरी ओढली आणि दोरीने याला. लखमा कोयता घेऊन उडी मारून गेला. पाण्यात काय दिसतंय? दोरी तोडायला गेला, दोन बोटं पण तुटली. हा सुटला." त्यांनी भाकर माझ्या ताटात टाकली. "लखमा तिसऱ्या दिवशी सापडला. खाली, गुजरातच्या हद्दीत."

मी खांद्यावरची पिशवी काढून ठेवली.

"आणि ज्याच्यासाठी दोरी टाकली होती, तो काठावर कपडे पिळत होता." काकू पुढची भाकर थापायला लागल्या. "मी सांगितलं ते त्याला बोलू नको. त्याला बिबट्याची गोष्ट आवडते. सांगेल तवा हस."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोरांना बिबट्याची गोष्ट सांगितली आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. जरा जास्तच मोठ्याने. मास्तर मध्येच थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि मग घरातल्या काकूंकडे बघितलं. त्या दिवशी बिबट्याने माफी मागितली नाही.

त्याच पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडला. खालच्या अंगाच्या एका माणसाने आमच्या तारांखालीच नदीत आडवं जाळं बांधलं. पाण्याखाली आडवं जाळं म्हणजे होडीतल्या पोरांसाठी फासच. मास्तरांना ते सकाळी दिसलं. त्यांनी ते आधी हाताने, मग दातांनी फाडलं. जाळंवाला दोन भावांना घेऊन आला, तिघांच्या हातात काठ्या. मास्तरांच्या हातात वल्हं. वल्हं मोडलं तेव्हा त्यातले दोघं पळाले होते आणि तिसरा, खुद्द जाळंवाला, आंब्यावर चढला होता. मास्तरांच्या भुवईवरून रक्ताची धार लागलेली. ते आंब्याखाली बसले आणि वर बघून म्हणाले, "उतर. जाळं कुठं लावायचं ते दाखवतो. मासे पण जास्त लागतील." दुपारी दोघं एकाच मडक्यातून ताडी पीत होते. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी त्याला स्वतःच्या पैरणीचा तुकडा झाडावर सोललेल्या गुडघ्याला बांधायला दिला होता, आणि तो माणूस आजही आमच्या तारा तपासतो, माझ्याआधी.

तिसरी परीक्षा श्रावणात. डोंगरात चार दिवस धो धो पडलेला, नदी चहाच्या रंगाची, आणि तिचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. मी विचारलं, आज पाण्यात कोण? मास्तरांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"मी."

"मास्तर, पाणी बघा!"

"तू मला बग."

त्यांनी मला वरच्या दगडावर उभं केलं आणि सुनंदाला तीसएक पावलं खाली, दुसरी थैली देऊन. मग माझ्यापाशी येऊन कानात ओरडले, "तुझ्या बापाच्या होडीत तुझ्या मागं कोणी नव्हतं. इथं आहे. ती बग, खाली उभी आहे. तुझ्याच्याने नाय झालं तर माणूस तिचा. विसरू नको!"

होडी नदीत शिरली तशी नदीने ती हातात घेतली. पहिल्या हिरव्या काठ्या, दुसऱ्या, मग लाल काठ्यांसाठी वळण घेतलं आणि मुद्दाम, मी शपथेवर सांगतो, मुद्दाम, त्यांनी होडी उलटवली. होडीचं बूड दिसलं, मग काही नाही, मग लाल हेल्मेट वर आलं. मी थैली फेकली. आयुष्यातली सगळ्यात सुंदर फेक होती ती. दोरी सरळ त्यांच्या खांद्यावर पडली. त्यांनी धरली. मी टाचा रोवल्या, दोरी कमरेमागे घेतली. ताण आला. मास्तर झोका खात काठाकडे यायला लागले.

तेवढ्यात वरून ओंडका आला. जांभळाचं अख्खं झाड होतं, मुळासकट. ते आमच्या दोरीवर आडवं पडलं आणि दोरी पाण्याखाली गेली. मी दगडावरून घसरलो. शेवाळावर टाचा धरेनात. गुडघे आपटले, हनुवटी फुटली, आणि माझ्या हाताने मला न विचारता मनगटाला वेढा घेतला.

पाणी माझ्या कमरेला लागलं. दोरी आता मास्तरांच्या अंगाभोवती गुंतली होती आणि झाड त्यांच्यावर होतं. त्यांचं डोकं खाली जायचं, वर यायचं. ओरडत असतील तर ऐकू येत नव्हतं. मग एकदा वर आले तेव्हा त्यांनी डावा हात पाण्याबाहेर काढला, पंजा उघडून. तीन बोटं. आणि तो हात हलवला, जसा माणूस दारातून पाहुण्याला निरोप देताना हलवतो.

सोड म्हणत होते.

वेढा सोडवायला मला किती वेळ लागला असेल? माझ्या हिशेबाने एक पावसाळा. सुनंदा म्हणते, पापणी लवायच्या आत. दोरी मनगटावरून साल घेऊन गेली आणि मी एका माणसाला जाऊ दिलं. मोकळी झालेली दोरी झाडाखालून सापासारखी निघून गेली, मास्तर तिच्यासकट गेले, आणि मी त्या दगडावर पालथा पडून लहान पोरासारखा बोंबललो, "सुनंदा! तुझा! तुझा!"

तिने फेकलेली दोरी मी बघितली नाही. मी उठून काठाने धावलो, पडलो, पुन्हा धावलो. खालच्या वळणावर, उलट्या पाण्याच्या डोहात, सुनंदा टाचा रोवून बसली होती, हात मोकळे, आणि तिच्या दोरीच्या टोकाला मास्तर गुडघाभर पाण्यात ओणवे होऊन नदी ओकत होते. हेल्मेट फुटलं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा लाल झाला होता.

ते चालत माझ्यापर्यंत आले. खाडकन माझ्या मुस्कटात मारली.

"ही वेढ्याची."

मग दुसरी. तिने मला काठावरच्या चिखलात बसवलं.

"ही कशाची?" मी विचारलं.

"ही माझी. मी असा वेढा सोडला असता तर..." ते चिखलात माझ्याशेजारी बसले आणि सुनंदाला म्हणाले, "बाय, कागद आण." रक्ताच्या, पाण्याच्या हाताने केलेली ती सही कोणालाच वाचता येत नाही. कागद आमच्या घरात भिंतीवर आहे. सहीच्या जागी तपकिरी डाग आहे.

मास्तर गेले ते मात्र अगदी कोरडे गेले. वैशाख होता, नदीत घोटाभर पाणी नव्हतं, काठ्या वाऱ्यावर नुसत्या एकमेकींवर टकटक करत होत्या. अंगणात खुर्चीवर बसून पोरांना बोटांची एक नवी गोष्ट सांगत होते, मगर होती म्हणे तिच्यात, आणि मगर तोंड उघडते इथपर्यंत सांगून थांबले. पोरांना वाटलं, आठवतायत.

मी तेव्हा नदीवर तारा बदलत होतो. सुनंदा रानशेतहून आली. आणि दुपारी टमटममधून बाबा उतरले. मी बोलावलं नव्हतं. हातात बोंबलाची पुडी होती, सवयीने आणलेली, आणि ती कोणाला द्यावी ते त्यांना कळेना. काकूंनी हात पुढे करून घेतली.

तिरडी बांधायचं काम चाललं होतं. पोरांना गाठी जमत नव्हत्या. बघवेना म्हणून बाबांनी पोराच्या हातातली काथ्याची दोरी घेतली. साठ वर्षं दोऱ्यांवर काढलेला माणूस. त्यांनी मास्तरांच्या पायापाशी बांबूवर एक गाठ मारली, बघत राहावी अशी. मग दुसरी आवळायला त्यांनी मनगटाला वेढा घेतला आणि ताकद लावली.

माझ्या हातात मास्तरांचं वल्हं होतं. त्यांच्या अंगाशेजारी ठेवायला आणलेलं.

एक. बे.

अख्ख्या पाड्यासमोर, मयताजवळ, मी माझ्या बापाच्या बोटांच्या पेरांवर दोन फटके मारले आणि मोजले. आवाज नदीपर्यंत गेला. ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही. इथे वाढवायला जागाच नाही. मोठी माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी "अरे!" म्हणालं.  होडीत दात पाडणारा तो माणूस आता काय करेल, याची वाट बघत मी उभा होतो.

बाबांनी आपल्या सुजत चाललेल्या बोटांकडे बघितलं. मग तिरडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे, तीन बोटांच्या.  मग मनगटावरचा वेढा सावकाश उलगडला आणि दोरी खाली ठेवली. मी त्यांना दोरी सोडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"हा मारायचा तुला असा?" त्यांनी विचारलं.

"याहून जोरात."

बाबांनी मान हलवली. पुन्हा खाली बसले, दोरी उचलली, आणि या वेळी मोकळ्या हातात धरली. "दुसरं टोक तू धर," ते म्हणाले. "मला एकट्याला जमणार नाय."